खाणहादऱ्यांचा ओनामा

इंदापूर तालुक्यात वरकुटे नावाची दोन गावे आहेत, वरकुटे बुद्रुक आणि वरकुटे खुर्द. फारसीत ‘बुजुर्ग’ म्हणजे मोठा आणि ‘खुर्द’ म्हणजे लहान. महसुली दप्तरातून हे शब्द गावांच्या नावांना चिकटले आणि तोंडातोंडी फिरताना बुजुर्गचा बुद्रुक झाला. पुणे जिल्ह्यात बुद्रुक म्हणताना आता कुणाला फारसी आठवत नाही. महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला मात्र, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर तालुक्यात, तोच शब्द न झिजता उभा आहे: डोंगरी बुजुर्ग. तिथे मॉइल या सरकारी कंपनीची मँगनीजची मोठी उघडी खाण आहे. त्याच तालुक्यातल्या चिखल्याला मँगनीजसाठी जमिनीच्या पोटात उतरावे लागते. भीमेकाठचे उसाचे गाव आणि वैनगंगेच्या खोऱ्यातले खाणीचे गाव यांच्या नावांत असे सख्खे नाते निघावे, याचा मला फार आनंद वाटतो. असेच नाते विहीर खणणाऱ्यांची बोली आणि खाणशास्त्राची परिभाषा यांच्यातही आहे, आणि या लेखात मला तेच उलगडायचे आहे.

खाणीतले हादरे वाचण्याची विद्या नवी आहे. खोल खाणीत खडक पोखरला की उरलेल्या खडकावरचा भार नव्याने वाटला जातो. कुठे तडा जातो, कुठे जुनी भेग सरकते आणि खडक हादरतो. हे हादरे टिपण्यासाठी खाणीच्या भिंतींत छिद्रे पाडून त्यांत संवेदक बसवतात. त्यांच्या नोंदी संगणकावर येतात आणि त्या नोंदी वाचायला खास प्रोग्राम असतात. त्यांतला एक नावाजलेला प्रोग्राम, एमएक्सरॅप, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या ‘ऑस्ट्रेलियन सेंटर फॉर जिओमेकॅनिक्स’ या संस्थेने घडवला. त्याच्या आधीच्या अवताराचे नाव एमएस-रॅप. ‘माइन सिस्मिसिटी रिस्क अ‍ॅनालिसिस प्रोग्राम’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. खाणकामाचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींना आज ना उद्या अशा एखाद्या प्रोग्रामसमोर बसावे लागते आणि तिथे पहिली अडचण शब्दांचीच येते. सगळे शब्द इंग्रजी, आणि पाठ्यपुस्तकातले मराठी प्रतिशब्द त्याहून परके. माझे म्हणणे असे की या विद्येला लागणारे निम्मे शब्द इंदापूर-बारामतीकडच्या मुलाने घरच्या विहिरीच्या काठावर आधीच ऐकलेले असतात. ते बाजूला ठेवून त्याला शिकवणे हे शिकणाऱ्यावर आणि भाषेवर, दोघांवर अन्याय करणारे आहे.

एखाद्या गोष्टीची मुळाक्षरे शिकायला आपण ‘ओनामा’ म्हणतो. पूर्वी मूल लिहायला बसले की पहिल्यांदा ‘ओं नमः सिद्धम्’ गिरवी. त्याचे तोंडी रूप ओनामासीधं, आणि पुढे नुसता ओनामा. ‘बाराखडी’ही तशीच, द्वादशाक्षरीची उतरंड. शिकण्याच्या सुरुवातीला जी भाषा इतके झिजवून आपलेसे करते, तिला हादऱ्यांचे शास्त्र पेलणार नाही असे मला वाटत नाही.

पहिला शब्द प्रोग्रामच्या नावातलाच घेऊ, ‘रिस्क’. मराठीत जोखीम. जोखीम हा शब्द भाषाभ्यासक ‘योगक्षेम’ या शब्दाकडे नेतात. योग म्हणजे नसलेले मिळवणे, क्षेम म्हणजे मिळालेले सांभाळणे. आयुर्विमा महामंडळाच्या बोधवाक्यात जो योगक्षेम आहे तोच बाजारातून, सावकाराच्या पेढीतून, हुंडीच्या व्यवहारातून फिरत फिरत जोखीम झाला. आधी ‘सांभाळायची जबाबदारी’, मग ‘सांभाळायला दिलेला ऐवज’, मग ‘त्यात बुडण्याची भीती’ असा अर्थ सरकत गेला. खाणीतल्या जोखमीच्या विश्लेषणाला हा शब्द नेमका बसतो. तिथे तपासायचे ते हेच की आज ज्या बोगद्यात माणसे पाठवायची आहेत तिथे त्यांचे क्षेम कितपत शाबूत आहे.

‘खाण’ संस्कृत खन् धातूतून आली. खणणे, खनिज, उत्खनन ही सगळी त्याच घरची. खंदक दिसायला अरबी, आणि तो आपल्याकडे आलाही अरबी-फारसीच्या वाटेने. पण अरबीने तो जुन्या इराणी भाषेतून घेतला होता, आणि इराणीतला खणण्याचा धातू ‘कन्’ हा आपल्या खन्चा भाऊ. किल्ल्याभोवती खणलेला खंदक आणि किल्ल्यासाठी दगड देणारी खाण ही दोघे हजारो वर्षांनी दख्खनमध्ये पुन्हा भेटली. त्या मधल्या काळात एक दुसरीकडे नांदून आले होते, एवढेच.

खरी मौज ‘सुरुंग’ या शब्दात आहे. ग्रीक भाषेत ‘सिरिंक्स’ म्हणजे पोकळ नळी, पावा, आणि वेढ्यात शत्रूच्या तटाखाली खणलेला भुयारी मार्गही. अलेक्झांडरनंतर ग्रीकांचा आणि आपला संबंध वाढला आणि हा शब्द संस्कृतात ‘सुरुङ्गा’ होऊन बसला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो येतो. महाभारतातल्या लाक्षागृहाच्या कथेत विदुराने पाठवलेला खनक पांडवांसाठी जे भुयार खणतो, त्यालाही हाच शब्द आहे. खनक आणि सुरुंगा, म्हणजे अस्सल देशी धातू आणि यवनांकडून आलेले नाम, एकाच प्रसंगात एकमेकांच्या मदतीला उभे आहेत. त्याच ग्रीक शब्दापासून युरोपात ‘सिरिंज’ झाली. डॉक्टरांच्या हातातली सिरिंज आणि शेतकऱ्याच्या विहिरीतला सुरुंग ही चुलत भावंडे आहेत, हे एकदा कळले की ते विसरता येत नाही.

हिंदीत सुरंग अजून मुख्यतः भुयारच आहे. मराठीत मात्र अर्थ पुढे गेला, आणि तो का गेला हे मराठी मुलखाचा इतिहास सांगतो. इथे भुयार खणले जाई ते मुख्यतः बुरुजाखाली दारू ठासण्यासाठी. १६६० साली शाइस्ताखानाच्या फौजेने चाकणच्या संग्रामदुर्गाचा बुरूज असाच उडवला. १७०० साली साताऱ्याच्या वेढ्यात औरंगजेबाच्या सैन्याने केलेला स्फोट त्याच्याच माणसांवर उलटला. अशा अनुभवांतून भुयाराचे नाव भुयारात ठासलेल्या दारूला मिळाले, आणि पुढे कातळात पाडलेल्या हातभर छिद्रालाही. इंग्रजीत ‘माइन’ या शब्दाचेही हेच झाले: आधी खाण, मग तटाखालचे भुयार, मग स्फोटक. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेने गेल्या, कारण वेढा घालणाऱ्यांची गरज दोन्हीकडे सारखी होती.

विहिरीवर सुरुंगाच्या जोडीला ‘बार’ असतो. सुरुंग भरायचा आणि बार उडवायचा. फारसीत बार म्हणजे ओझे. बंदुकीत भरायची दारू हे तिचे ओझे, म्हणून तो बार. आणि हे फारसी बार आपल्या ‘भार’चेच नात्यातले. वरकुट्यासारख्या गावात विहीर खणायला घेतली की वरची काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, आणि मग कातळ लागतो. तिथपर्यंत कुदळ चालते, पुढे ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर येतो, छिद्रे पडतात, कांड्या भरल्या जातात, माणसे लांब पळतात. बार उडाला की पायाखालची जमीन आधी थरथरते आणि आवाज नंतर येतो. हे प्रत्येकाने अनुभवलेले असते. खडकातून हादरा हवेतल्या आवाजाच्या दसपटीहून अधिक वेगाने धावतो, हा भौतिकशास्त्राचा धडा त्या काठावर फुकट मिळतो.

या धड्यावरच एक शास्त्र उभे राहिले आहे. आयर्लंडचा अभियंता रॉबर्ट मॅलेट याने १८४९ साली डब्लिनजवळच्या किलायनी इथल्या समुद्रकिनाऱ्यावर वाळूत दारू पुरून उडवली आणि हादरा ठरावीक अंतरावर किती वेळात पोचतो ते मोजले. भूकंपाच्या लहरींचा वेग मोजण्याचा तो पहिला मुद्दाम केलेला प्रयोग, आणि त्याचे साधन सुरुंगच होते. ‘सिस्मॉलॉजी’ हे नावही मॅलेटनेच रूढ केले, ग्रीक ‘सिस्मॉस’ म्हणजे हादरा या शब्दावरून. त्यानेच ‘एपिसेंटर’ हा शब्द वापरात आणला, आणि त्याचा मराठी प्रतिशब्द माझ्या अतिशय आवडीचा आहे: अपिकेंद्र. शालेय भूगोलात हा शब्द आला की मुले कपाळाला आठ्या घालतात. पण त्याची फोड करून बघा. ‘केंद्र’ हा शब्द ग्रीक ‘केंट्रॉन’वरून संस्कृत ज्योतिषात आला. केंट्रॉन म्हणजे टोचणारे टोक, बैलाला हाकायची पराणी, आणि कंपासाचे जमिनीत रोवलेले टोक. ‘अपि’ आणि ग्रीक ‘एपि’ हे तर मुळातच एका आजीची नातवंडे. ज्या कुणी अपिकेंद्र हा शब्द योजला, त्याने भाषांतर करताना दोन हजार वर्षांपूर्वीचे घराणे पुन्हा जुळवून दिले. जमिनीच्या आत खडक जिथे प्रत्यक्ष सरकतो त्या जागेला नाभी म्हणतात, हाही तसाच नेमका शब्द आहे. खाणीच्या अभ्यासात मात्र अपिकेंद्राला फारसे काम नाही. वरच्या गावाला हादरा कुठे जाणवला यापेक्षा तो कितव्या पातळीवरच्या कोणत्या बोगद्याशेजारी झाला, हे तिथे महत्त्वाचे. तिथे नाभीच हवी, तिन्ही मापांसह.

नाभी सापडते कशी, हा ओनाम्यातला पहिला खरा पाठ. खडक हादरला की दोन प्रकारच्या लहरी निघतात. पहिली खडकाला पुढे-मागे दाबत जाते. कठीण खडकात तिचा वेग सेकंदाला साधारण सहा किलोमीटर. दुसरी खडकाला आडवी हलवत जाते, तिचा वेग साधारण साडेतीन किलोमीटर. संवेदक सहाशे मीटरवर असेल तर पहिली लहर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात पोचते आणि दुसरी त्यानंतर सुमारे सत्तर मिलिसेकंदांनी. अशा अनेक संवेदकांच्या वेळा जुळवून जागा काढायची. संगणक ते आपोआप करतो, पण लहर नेमकी कुठे सुरू झाली याची खूण कधी कधी चुकीच्या जागी पडते, आणि शिकणाऱ्याने ती डोळ्यांनी तपासायला शिकायचे असते.

या दोन लहरींना आपली पाठ्यपुस्तके प्राथमिक आणि दुय्यम म्हणतात. प्राथमिक संस्कृत, दुय्यम फारसी. दुय्यम म्हणजे क्रमाने दुसरा, इतकाच मूळ अर्थ. ‘दुय्यम निबंधक’ या पदनामातही तो आहे. पण मराठीत ‘दुय्यम वागणूक’, ‘दुय्यम स्थान’ यांमुळे त्याला कमीपणाची छटा चढली. इथे शब्द शिकणाऱ्याला चकवतो. हादऱ्याची बहुतेक ऊर्जा या दुसऱ्या लहरीतच असते. भेग सरकून झालेल्या हादऱ्यात ती पहिलीच्या दहापट किंवा त्याहूनही अधिक असू शकते. उलट सुरुंगाच्या बारात स्फोट सगळीकडे सारखा ढकलतो, म्हणून तिथे पहिली लहर तुलनेने भारी पडते. दोन्ही ऊर्जांचे गुणोत्तर पाहून हादरा कोणत्या जातीचा याचा अंदाज बांधतात. म्हणून मी तर सरळ पहिली लहर आणि दुसरी लहर म्हणावे असे सुचवेन. दुय्यम म्हटलेली लहर खाणीत सगळ्यांत जास्त लक्ष देऊन वाचावी लागते.

बार आणि हादरा वेगळे काढणे हे या कामातले सगळ्यांत निकडीचे निवडणे-टिपणे आहे. नोंदीत दोन्ही सारखेच दिसतात. प्रोग्रामला कळत नाही की ही थरथर माणसाने पेटवली की खडकाने आपणहून केली. त्यासाठी एक साधा आलेख काढतात: दिवसाच्या चोवीस तासांत कोणत्या तासाला किती नोंदी. खाणीत सुरुंग ठरल्या वेळी उडवतात, बहुधा पाळी बदलताना, माणसे बाहेर असताना. त्या तासांना आलेखात उंच मनोरे उभे राहतात. त्यांतल्या काही नोंदी खुद्द बाराच्या, काही बारामुळे खडकाने दिलेल्या उत्तराच्या. बाराच्या नोंदी वगळल्या नाहीत तर पुढची सगळी गणिते नासतात. ‘पाळी’ या रोजच्या शब्दाचा इतका शास्त्रीय उपयोग दुसरीकडे क्वचितच होत असेल.

बारानंतर हादरे हळूहळू कमी होतात. जपानचे फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ साली मोठ्या भूकंपानंतरच्या धक्क्यांसाठी हा नियम मांडला: जसजसा वेळ जातो त्या प्रमाणात संख्या घटते, आधी झपाट्याने आणि मग रेंगाळत. मराठीत याला नवा शब्द घडवायची गरज नाही. पूर ओसरतो, ताप ओसरतो, गर्दी ओसरते. ओसरणे म्हणजे संस्कृतातले अपसरण, दूर सरकणे. पुराचे पाणी कसे उतरते हे ज्याने भीमेच्या किंवा नीरेच्या काठी पाहिले आहे, त्याला त्या वक्राचा आकार सांगावा लागत नाही. बार उडाल्यावर माणसांना पुन्हा आत कधी सोडायचे याचा निर्णय खोल खाणींत या ओसरण्याकडे पाहूनच घेतात.

आता आकड्यांकडे येऊ. वर्तमानपत्रांत ‘अमुक रिश्टर स्केलचा भूकंप’ असे छापतात, जणू रिश्टर हे किलो-लीटरसारखे एकक आहे. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये जी पट्टी आखली ती लघुगणकी आहे. एक अंक वाढला की कंपनाची उंची दसपट होते, ऊर्जा सुमारे बत्तीसपट. ‘लघुगणक’ हा शब्द अर्थाने आणि आवाजाने ‘लॉग’च्या जवळ जातो, असे योग फार थोड्या पारिभाषिक शब्दांना लाभले. या पट्टीचे शून्य म्हणजे हादऱ्याचा अभाव नव्हे. ते रिश्टर यांनी सोयीसाठी ठरवलेले लहान माप आहे. त्याहून लहान हादरे उणे होतात. खाणीतले बहुसंख्य हादरे उणेच असतात: उणे एक, उणे दोन. शिकणाऱ्याला हे विचित्र वाटते, पण मराठी माणूस उणे शब्द मोजायला शिकतानाच गिळतो. एकोणीस म्हणजे एकाने ऊन असलेले वीस, एकोणतीस म्हणजे एकाने ऊन तीस. ऊन म्हणजे कमी. उणे त्याचेच रूप. उणे हादरा म्हणजे ठरवलेल्या खुणेपेक्षा कमी, पण नक्कीच असलेला.

बेनो गुटेनबर्ग आणि रिश्टर यांनी १९४४ मध्ये दाखवले की एखाद्या प्रदेशात परिमाण एका अंकाने वाढले की हादऱ्यांची संख्या साधारण दहाव्या हिश्श्यावर येते. आलेखावर ही उतरती रेघ दिसते आणि तिच्या उताराला ‘बी’ म्हणतात. खाणीत हे जसेच्या तसे मानून चालत नाही. उतार बदलला तर खडकाचे वागणे बदलले, निदान तशी शंका घ्यावी. त्याआधी आणखी एक गोष्ट पाहायची: संवेदक किती लहान हादऱ्यापर्यंत सगळे टिपतात. त्या खालचे काही टिपले जातात, काही सुटतात, आणि ते मोजणीत धरले तर रेघ खोटे बोलते.

एक शब्द मला खरोखर खटकतो आणि त्याच्यावर थांबायला हवे. बारामती तालुक्यात माळेगाव खुर्द इथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. दुष्काळ, उष्णता, क्षार यांचा पिकांवर पडणारा ताण हा तिचा विषय, आणि तिची शेतेसुद्धा कातळी माळ फोडून तयार केलेली. तिथे ताण हा शब्द चपखल आहे. ताण आला तन् धातूतून: ताणणे, तंतू, तान, विणकराचा ताणा. त्यात ओढण्याची, लांब होण्याची कल्पना आहे. खोल खाणीतल्या खडकात मात्र बहुतेक वेळा उलट घडते. वरून किलोमीटरभर खडकाचे ओझे, बाजूने आणखी दाब. खडक चेपला जातो. इंग्रजी ‘स्ट्रेस’साठी सरसकट ताण म्हटले की विद्यार्थी खडक ओढला जातोय असे समजतो आणि गणितातली चिन्हे उलटी लावतो. पुस्तकात यासाठी ‘प्रतिबल’ आहे. तो कोरडा वाटतो, पण अचूक आहे, आणि इथे मी कोरड्या शब्दाची बाजू घेईन. बोलताना ‘दाब’ म्हटले तरी चालेल. ताण पिकांना आणि माणसांना राहू द्यावा.

भारतात या विद्येची शाळा कोलारच्या सोन्याच्या खाणींनी चालवली. चॅम्पियन रीफ खाण तीन किलोमीटरहून खोल गेली आणि तिथे खडक फुटून माणसे दगावत. सुरुवातीला तिथले लोक याला ‘एअर ब्लास्ट’ म्हणत, कारण अंगावर येई तो वाऱ्याचा झोत. वारा हा परिणाम होता, कारण खडक होता. पण नाव परिणामावरून पडले. विसाव्या शतकात तिथे भूकंपमापक आले, १९७०च्या दशकाच्या अखेरीस भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीने संवेदकांचे जाळे उभे राहिले, आणि १९८८ मध्ये राष्ट्रीय शिलायांत्रिकी संस्था तिथेच स्थापन झाली. खाणी २००१च्या फेब्रुवारीत बंद झाल्या.

‘रॉकबर्स्ट’ला मराठीत शिलास्फोट म्हणता येईल. स्फोट हा थोर शब्द आहे. भर्तृहरीच्या व्याकरणविचारात तो अर्थ उमलण्याचे नाव आहे, आणि स्फुट् धातूतूनच आपले फुटणे, फोड, फोडणी आली. तरीही स्फोट म्हटले की आज दारूच डोळ्यांपुढे येते, आणि बार वेगळा काढायचा तर हा शब्द नको. आपण ढग कोसळला की ‘ढगफुटी’ म्हणतो. त्याच चालीवर ‘खडकफुटी’ म्हणावे. खडक आपणहून फुटतो, माणसाने फोडलेला नसतो, हा फरक त्यात आपोआप येतो. आणि प्रत्येक हादरा खडकफुटी नसतो, हेही शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी सांगावे. हादरा म्हणजे खडक हलल्याची नोंद. त्यातून बोगद्याचे नुकसान झाले, खडक सुटून आला, तरच ती खडकफुटी. प्रोग्राममध्ये पडद्यावर दिसणारे हजारो ठिपके हादरे असतात. खडकफुटी त्यांत विरळाच.

मग ‘भूकंप’? वराहमिहिराने बृहत्संहितेत एक अख्खा अध्याय भूकंपाच्या लक्षणांना दिला आहे: पाण्यातले प्रचंड प्राणी, दमलेले दिग्गज, आपटणारे वारे अशी त्याच्या काळात सांगितली जाणारी कारणे आणि पुढचे शकुन. तेव्हापासून या शब्दावर भयाचे वजन आहे, आणि महाराष्ट्रात ते अनुभवाने वाढले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेला ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ला, अनंत चतुर्दशीच्या रात्री, किल्लारी उद्ध्वस्त झाली. किल्लारीचे हादरे भीमेच्या खोऱ्यातही लोकांनी अनुभवले. कोयनेचे भूकंप जलाशयामुळे चाळवले जातात, आणि त्यांच्या अभ्यासासाठी कराडला प्रयोगशाळा आहे. तिने गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर खाली गेल्यावर दख्खनचा काळा खडक संपला आणि खालचा प्राचीन खडक लागला. ज्याला जगभर ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात त्यातल्या ट्रॅपचा मूळ अर्थ स्वीडिश भाषेत पायऱ्या. वरकुट्याच्या विहिरीत लागतो तो कातळ त्याच पायऱ्यांचा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा.

खाणीतल्या उणे दोनच्या थरथरीला भूकंप म्हणणे मला अयोग्य वाटते. त्यात कोयना-किल्लारीच्या आठवणीचा अपमान आहे आणि खाणीत काम करणाऱ्यांत नाहक घबराटही. ‘धक्का’ बरा, पण मुंबईत त्याचा अर्थ बोटी लागायची जागाही होतो आणि बाकी महाराष्ट्रात तो दुःखाच्या बातमीलाही लागतो. ‘हादरा’ हा शब्द खडकाला शोभतो, लहानमोठ्या दोन्हींना चालतो, आणि त्याचे अनेकवचन बोलताना अडखळत नाही. खाणीत घडलेला तो खाणहादरा. माणसाने उडवलेला तो बार. गावे पाडणारा तो भूकंप. हे तीन शब्द पक्के केले तर अभ्यासातला निम्मा गोंधळ पहिल्याच तासाला मिटेल.

हा शब्दसंग्रह फक्त विदर्भातल्या खाणींच्या कामाचा आहे असे समजू नये. इंदापूर तालुक्यातच, उद्धट ते भादलवाडी, नीरेचे पाणी भीमेत नेणाऱ्या सुमारे चोवीस किलोमीटरच्या बोगद्याचे काम हाती घेतले गेले. म्हणजे तालुक्यातले लोक आता विहिरीपेक्षा कितीतरी खोल खडकाशी व्यवहार करू लागले आहेत. ज्यांनी विहिरी खणल्या, दगडखाणीत छिद्रे पाडली, बोगद्यात पाळ्या केल्या, त्यांच्याकडे खडकाविषयी बोलण्याचे बारीक बारीक शब्द असतात: कातळ फुटण्यापूर्वीच्या आवाजाचे, बार फसल्याचे, सुटू पाहणाऱ्या चिपेचे. असे शब्द तुमच्या गावात, तुमच्या घरात कुणी वापरत असेल, तर अर्थासह लिहून ठेवा, गावाचे नाव आणि कोणत्या कामात वापरला तेही लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला आणि खाणकाम शिकवणाऱ्या शिक्षकांना, दोघांनाही पाठवा.